शर्टाचं दुसरं बटण

केंटकीच्या डोंगरांतल्या बटरमिल्क घळीत कुणाच्याही दाराशी मुकाट्यानं जायचं नाही, हे तिथल्या पोराला चालता येण्याआधी कळतं. फाटकाशी थांबायचं, छाती भरून हाक मारायची, "घरात कोण आहे हो?" आणि आतून "या" आलं की मगच पायवाट चढायची. वर्लिन स्टिडमच्या आजोबांच्या काळी शहरातून एक विमा एजंट आला. चकचकीत बूट, डोक्यावर गवती हॅट. त्याला बिचाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. तो थेट ओसरीवर चढला, आणि आतून बार निघाला तो हॅट घेऊन गेला, डोकं तेवढं जागेवर ठेवलं. पुढे तोच एजंट आजोबांचा जिवलग झाला. दर नाताळला यायचा, आणि अर्ध्या मैलावरून ओरडत यायचा. ती भोकाची हॅट वर्लिनच्या लहानपणी ओसरीत उलटी पडलेली असायची आणि तीत कोंबडी अंडी घालायची.

तर हाकेचं हे असं. पण हाकेपेक्षा नाव होतं ते उत्तराचं, आणि उत्तर देण्यात वर्लिनच्या बायकोचा, डेल्फाचा, हात धरणारं अख्ख्या घळीत कुणी नव्हतं. फाटकाशी कुणी तोंड उघडायचा अवकाश, ही स्वयंपाकघरातून ओरडलीच, "या ऽ या! मक्याचा पाव गरम आहे!" पाव केलेला नसला तरी. मग पाहुणा पायवाट चढेपर्यंत हिची भट्टी पेटलेली असायची. एकदा रेडिओवरच्या पाद्र्यानं प्रवचनाच्या भरात विचारलं, "आहे का कुणी तिथे, आहे का कुणी?" तर भांडी घासता घासता ही म्हणाली, "या की, दार उघडंच आहे!" वर्लिन जेवत होता. तो इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि तो ठसका काही केल्या थांबेना. डेल्फानं पाठ चोळली, पाणी दिलं, शेवटी त्याला ओसरीवर नेऊन बसवलं. रुमालावर काळं पडलं होतं. दोघांनीही ते बघितलं आणि डेल्फानं रुमाल धुवायच्या पाण्यात टाकला.

केंटकीच्या त्या डोंगरांत माणूस खाणीत जातो आणि खाण माणसात जाते. वर्लिन मिसरूड फुटायच्या आधीच आत गेला. त्याचं काम छताचं. कोळसा काढला की वरचा खडक खाली येऊ नये म्हणून त्यात लोखंडी खिळे ठोकायचे, आणि खडक कुरकुरला तर ओरडायचं. त्याची हाक दोन डोंगरांपलीकडे जायची. त्या हाकेनं किती माणसं धावत बाहेर आली आणि म्हातारी होऊन अंथरुणावर मेली, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. संध्याकाळी घरी येताना तो ओढ्यापासूनच सुरू व्हायचा, "घरात कोण आहे? कोळशाचं पोतं आलंय, कुठे ओतू?"

"मागच्या दारानं आण! ओसरी पुसलीय!"

हे रोजचं. शेजारचा कुत्रासुद्धा त्या वेळी उठून शेपटी हलवायचा.

मूलबाळ झालं नाही. डेल्फा गावच्या शाळेत स्वयंपाकाला होती, त्यामुळे घळीतली, पलीकडच्या घळीतली, झाडून सगळी पोरं तिच्याच हातचं जेवून वाढली. कोणाला राजम्याच्या कालवणात कांदा लागतो, कोणाला चालत नाही, कोण उसन्या बुटात येतो, सगळं तिला पाठ. लोनी नावाचा एक मुलगा होता, तो रोज पाव खिशात कोंबायचा. दुसऱ्या बायका म्हणाल्या, चोर आहे. डेल्फा त्याच्या मागे मागे घरापर्यंत गेली, तर तो धाकट्या बहिणींना भरवत होता. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या ताटात पावांची चळत असायची आणि डेल्फा मोठ्यानं म्हणायची, "लोनी, शिळे आहेत रे, कोंबड्यांना घेऊन जा." कोंबड्या होत्या कुठे!

मग खाण बंद पडली. माणसं ओहायोत गेली, इंडियानात गेली, जिथे म्हणून कारखान्याची चिमणी दिसेल तिथे गेली. घरं तशीच उभी राहिली. आधी रिकाम्या घरांतली तांब्याची तार आणि नळ चोरीला जाऊ लागले, मग राहत्या घरांतली औषधं. दुखण्यावरच्या गोळ्यांच्या नशेनं त्या मुलखाची अर्धी तरणी पिढी खाल्ली होती, आणि गोळ्या असायच्या त्या म्हाताऱ्यांच्या कपाटात. पुलाजवळच्या आयसी म्हातारीकडे हे चोर आले तेव्हा ती घरात होती. तिनं दार अडवलं. तिला ढकललं, ती चुलीवर पडली, खुबा मोडला. गोळ्या तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या होत्या, टाकून द्यायच्या राहिलेल्या. वसंतात तिला नेऊन पुरलं.

आयसीला माती देऊन आले त्या दुपारी वर्लिन आपल्या औषधांच्या कपाटासमोर उभा राहिला. तोपर्यंत त्याच्या नाकात नळी आली होती, घरात श्वासाचं यंत्र दिवसरात्र घुरघुरायचं, बाहेर जायचं तर हातात हवेची छोटी टाकी. त्यानं विचारल्यावर डॉक्टरीणबाईनं खोटं सांगितलं नव्हतं. पानगळीपर्यंत, म्हणाली होती. कपाटात गोळ्यांच्या बाटल्या ओळीनं होत्या. वर्लिनला आपल्या मरणाचं फारसं काही वाटत नव्हतं, छताखाली काम केलेल्या माणसाला ते सवयीचं असतं. पण आपल्यामागे डेल्फा या घरात एकटी, फाटकाशी कुणीही ओरडलं तरी "या, या" म्हणणारी, आणि पोलिसांची गाडी यायची तर डोंगर उतरून चढून तास जाणार, हे त्याच्या छातीवर बसलं ते उठेना. मरायच्या आधी बायकोच्या हातात तिला चालवता येईल असं एक पिस्तूल द्यायचं, एवढंच एक काम त्यानं स्वतःसाठी उरवलं.

घरात बंदुका होत्या, खारी मारायच्या, हरणाच्या. पण त्या लांब नळीच्या, डेल्फाच्या खांद्याला न पेलणाऱ्या, आणि तिनं जन्मात एकीलाही हात लावला नव्हता. केर काढताना ती त्यांच्याभोवतीनं झाडू फिरवायची.

वर्लिन टाल्मेजच्या दुकानात गेला. टाल्मेज बंदुका विकायचा आणि त्याच गल्ल्यावर मासे पकडायचे गळ आणि आमिषाचे किडेही विकायचा.

"बाईमाणसासाठी ना काका? मग हे बघा." त्यानं तळहातात मावेल असं रिव्हॉल्व्हर पुढे केलं. "पिसासारखं हलकं. पर्समध्ये राहतं. सगळ्या बायका हेच नेतात."

"सगळ्या बायका नेतात की सगळे नवरे नेतात?" मागून आवाज आला. शाळेची बस चालवणारी ओलेटा आमिषाचे किडे घ्यायला आली होती. डेल्फाची जुनी मैत्रीण, फाटक्या तोंडाची.

"तू तुझे किडे घे," टाल्मेज म्हणाला.

आता गंमत बघा. बंदूक जितकी हलकी तितका तिचा धक्का जास्त, हे वर्लिनला दाढी यायच्या आधीपासून ठाऊक. हलकी बंदूक खांदा सुजवते म्हणून त्यानं पुतण्याला शिव्या घातलेल्या. पण बायकोसाठी घ्यायचं म्हटलं की आमच्याकडच्या पुरुषांचं डोकं खुंटीवर राहतं. बाई लहान, हात लहान, म्हणून पिस्तूल लहान. जणू काही अंगठी घ्यायचीय.

त्यानं ते घरी आणून टेबलावर ठेवलं. डेल्फा पिठाच्या हातांनी बघत राहिली.

"हे काय?"

"तुझ्यासाठी."

"मागच्या वेळी शिवणयंत्र आणलं होतंस," ती म्हणाली आणि परत पीठ मळायला लागली.

दोन दिवस मिनत्या केल्यावर ती मागच्या उतारावर आली. वर्लिननं ओंडक्यावर कॉफीचा रिकामा डबा ठेवला. तिनं पिस्तूल धरलं ते मेलेला उंदीर शेपटीनं धरावा तसं. चाप ओढला. बार झाला, डबा जागचा हलला नाही, पिस्तूल मात्र उसळून तिच्या अंगठ्याच्या बेचक्यात घुसलं आणि रक्त आलं. तिनं ते ओंडक्यावर डब्याशेजारी नीट ठेवलं, अ‍ॅप्रननं हात गुंडाळला आणि म्हणाली, "झालं? पाव करपेल."

वर्लिननं ते परत नेलं. टाल्मेजनं या खेपेला मॅगझिनवालं पिस्तूल दिलं. याचा धक्का कमी, म्हणाला. ते खरंही होतं. पण त्याचं वरचं झाकण जोर लावून मागे ओढल्याशिवाय गोळी आत जात नाही, आणि डेल्फाच्या बोटांची पेरं जन्मभर गरम पाण्यात आणि कणकेत राहून सुजून बसली होती. ती ओढते आहे, झाकण हलत नाही. ती दात ओठ खाते आहे, झाकण हलत नाही. शेवटी तिनं पिस्तूल दोन गुडघ्यांत धरलं आणि दोन्ही हातांनी लोणच्याच्या बरणीसारखं झाकण खेचायला लागली. नळी वर्लिनच्या बुटाकडे.

"बोट! चापावरचं बोट काढ, डेल्फी!"

"बोट कुठंय तेच कळत नाहीये मला!"

कुत्रा जो ओसरीखाली गेला तो रात्रीचं जेवण दाखवेपर्यंत बाहेर आला नाही. ही गोष्ट वर्लिन पुढे ओलेटाला सांगायचा तेव्हा हसायचा. हसून झालं की बराच वेळ नळीतून श्वास ओढत बसायचा.

त्या संध्याकाळी ती टेबलावर त्याच्यासमोर बसली. हात गरम पाण्याच्या भांड्यात होते.

"एक विचारू, म्हाताऱ्या? कोण येणारेय?"

"आयसीकडे आले ते."

"म्हणजे कोण? परदेशातून आले का ते? माझ्याच हातचं जेवलेत वर्लिन, जो कुणी असेल तो. कांदा खातो की नाही तेही मी सांगेन. आणि मी त्याच्यावर गोळी झाडू?"

"तो तुला ढकलेल तेव्हा तुझा राजमा आठवेल का त्याला?"

"त्याला नसेल आठवत. मला आठवेल ना."

"मग तू मरशील."

"मग मरेन. तू नाही का मरत?"

वर्लिनला उत्तर द्यायचं होतं. त्यानं तोंड उघडलं, आणि दोन डोंगरांपलीकडे जाणाऱ्या त्या गळ्यातून नुसती शिट्टी आली. चेहरा निळा पडला. डेल्फा धावली, यंत्राचा काटा वाढवला, त्याचं डोकं पोटाशी धरलं. श्वास आला तेव्हा त्याच्याबरोबर रडूही आलं. खाणीत भाऊ गाडला गेला तेव्हा न रडलेला माणूस बायकोच्या ओल्या अ‍ॅप्रनमध्ये तोंड खुपसून पोरासारखा रडला. "मला जाता येत नाहीये गं," एवढंच म्हणत होता. "तुला अशी टाकून मला जाता येत नाहीये."

ती बराच वेळ त्याच्या टकलावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "बरं. शिकते. रडू नकोस, नळी ओली होतेय."

पुढच्या शनिवारी ओलेटा आपल्या गाडीतून दोघांना घेऊन टाल्मेजकडे गेली. वाटेत वर्लिनची हजेरी घेतली. "बायकोला बूट घ्यायचे असते तर तिला दुकानात नेलं असतंस ना? पाय तिचा, तर घालून बघणार कोण, तू?"

डेल्फानं गल्ल्यावरचं एकेक पिस्तूल उचललं, जसं ती बाजारात भोपळे उचलते. हातात तोलायचं, नाक मुरडायचं, ठेवायचं. कोपऱ्यात एक जुनं, काळं, लांब नळीचं रिव्हॉल्व्हर पडलं होतं, कुठल्याशा पोलिसाचं, लाकडी मुठीचं.

"ते नको मावशी, ते जड आहे," टाल्मेज म्हणाला.

"सगळी हयात शाळेचे लोखंडी तवे उचललेत, पोरा." तिनं ते उचललं. मनगट हललं नाही. "हं. हे तव्यासारखं आहे. ह्याला कान आहे धरायला."

वर्लिननं घोडा, म्हणजे मागचा खटका, अंगठ्यानं मागे कसा ओढून ठेवायचा ते दाखवलं. तसा ओढला की चाप हलका होतो, दुखऱ्या बोटालाही जमतं. टाल्मेजनं कमी दारूची काडतुसं शोधून दिली. उतारावर तिनं पहिला बार काढला, पोलादाच्या वजनानं धक्का पिऊन टाकला आणि कॉफीचा डबा उडाला. वर्लिन त्या दिवशी पोटभर जेवला. तिसऱ्या पिस्तुलानं काम केलं.

पण डबा वेगळा आणि माणूस वेगळा. वर्लिननं पुठ्ठ्याचा माणूस कापून झाडाला ठोकला. डेल्फाचे बार सगळे झाडाला, माणसाला एकही नाही.

"काय झालं?"

"त्याला तोंड आहे."

"कोरा पुठ्ठा आहे तो!"

"म्हणूनच. मग मी कुणाचं ना कुणाचं बसवते त्यावर."

वर्लिननं थोडा विचार केला. मग सुरी काढून पुठ्ठ्याच्या माणसाचं डोकं कापून टाकलं. उरलेल्या धडावर कोळशानं शर्ट काढला, शर्टावर बटणं काढली. "तोंडाकडे बघायचंच नाही," तो म्हणाला. "तोंड म्हणजे नाव, नाव म्हणजे उशीर. वरून दुसरं बटण. तेवढंच बघ. जगात बाकी काही नाही, दुसरं बटण."

ती मन लावून शिकली. डेल्फाला कुठलंच काम अर्धवट करता येत नसे. दुपारी भांडी झाली की ती स्वतःच उतारावर जायची. संध्याकाळी घरातला सराव: भट्टीच्या बाजूला, भिंतीला खांदा लावून उभं राहायचं, दिवा घालवायचा, दाराकडे नळी. हे सगळं वर्लिननं सांगितलं तसं, खुर्चीत बसून. उन्हाळा संपेस्तोवर पुठ्ठ्याच्या त्या बिनडोक्याच्या माणसाला दुसरं बटण उरलं नव्हतं, तिथे वाटीएवढं भोक होतं आणि त्यातून झाडाची साल दिसायची. वर्लिन ते भोक बघायचा आणि त्याला रात्री झोप लागायची. मधल्या काळात त्याचा आवाज गेला. आधी ओरडणं गेलं, मग बोलणंही पुटपुटीवर आलं.

पानं पिवळी पडायला लागली तेव्हा ओलेटा त्याला तपासणीसाठी दवाखान्यात घेऊन गेली. परतायला दिवेलागण झाली. ओढ्याला पाणी चढलं होतं, तिला बस घेऊन सकाळी निघायचं होतं, आणखी थांबली असती तर गाडी अडकली असती. "जाशील ना इथून?" तिनं फाटकाशी विचारलं. वर्लिननं हात हलवला. ओढ्याच्या खळखळाटात गाडी आली गेली ते घरात डेल्फाला ऐकू गेलं नाही. जन्म गेला होता त्या पायवाटेवर.

फाटकाशी तो सवयीनं थांबला, छाती भरली, तोंड उघडलं. काही आलं नाही. चाळीस वर्षांची सवय तोंडाशी येऊन वाफेसारखी विरली. तो चढायला लागला. एक हात कठड्यावर, एका हातात टाकी. ओसरीच्या फळ्या त्याच्या पायाखाली वाजल्या. तो दाराला टेकून श्वास गोळा करायला लागला, मुठीनं दार वाजवायचीही ताकद नव्हती, म्हणून कडीला हात घातला.

आतला दिवा गेला.

मग त्याला आतून एक बारीक आवाज ऐकू आला. टिक्. घोडा मागे ओढल्याचा. हा आवाज त्यानंच तिला शिकवला होता.

मुकाट्यानं दारात आलेला माणूस म्हणजे काय, हे घळीतल्या पोराला चालायच्या आधी कळतं. वर्लिनलाही कळत होतं. "डेल्फी," तो म्हणाला, पण ते त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही. कडी हातातून सुटली, दार आपल्याच वजनानं उघडत गेलं. दुसरं काही सुचलं नाही तेव्हा त्यानं टाकी सोडून दिली. ती पायऱ्यांवरून ठणठणत गडगडत गेली आणि तळाच्या दगडाला आपटून फुसफुसत राहिली.

डेल्फा भट्टीच्या बाजूला उभी होती, खांदा भिंतीला लावून. मुठीवर दोन्ही हात, मनगट हललेलं नाही. नळी वर्लिनच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणावर होती. टाकीचा आवाज थांबल्यावरही ती तिथेच राहिली, तो ओळखू येण्याइतका उजेड बाहेर असूनही राहिली. मग कुठे तिची नजर वर चढली, गळपट्टीवर, हनुवटीवर, आणि त्याच्या चेहऱ्यावर पोचली.

तिनं अंगठ्यानं घोडा हळूच खाली आणला, शिकवल्यासारखा. दिवा लावला. खाली जाऊन टाकी आणली, त्याला खुर्चीत बसवलं, नळी नाकात घातली.

"हाक का नाही दिलीस?"

त्यानं गळ्याला हात लावला.

"मी तोंडाकडे बघितलंच नाही वर्लिन," ती म्हणाली. तिचा आवाज सरळ होता, कालवणात मीठ किती घातलं ते सांगावं तसा. "बटणच बघत होते. आणखी एवढंसं, आणि झालं असतं." मग ती उठून भट्टीकडे गेली, कारण कालवण लागत होतं. रडली असती तर वर्लिनला बरं वाटलं असतं.

ओलेटाला कळलं तेव्हा ती आपल्या वडिलांच्या गायीच्या गळ्यातली घंटा घेऊन आली आणि फाटकाला बांधून गेली. आता वर्लिन आला तर घंटा वाजवेल. पण त्यानंतर वर्लिन फाटकापर्यंत गेलाच नाही. त्याची खुर्ची खिडकीशी लागली आणि तिथेच राहिली. त्या खिडकीतून फाटक दिसायचं.

एके दिवशी त्यानं पुटपुटत सांगितलं, "ते ओढ्यात टाक, डेल्फी. जाऊ दे."

"का?"

"चुकलं माझं."

"काही चुकलं नाही. तू म्हणालास तसंच झालं ना?" ती बटाटे सोलत होती. ते जड रिव्हॉल्व्हर अ‍ॅप्रनच्या खिशात होतं. आताशा तिथेच असायचं. "तुझ्यामागे मला राहायचंय इथे. तुला नाही. तेव्हा आता तू मला शिकवू नकोस."

वर्लिननं तिच्याकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती, पायवाटेकडे. एवढ्या संसारात तिला पायवाटेकडे बघायची गरज कधी पडली नव्हती. पायवाटेवरचा माणूस तिला आवाजावरून कळायचा आणि तोवर ती पीठ काढायला लागलेली असायची.

पहिल्या थंडीत, भर दुपारी, फाटकाशी हाक आली. "घरात कोण आहे? मावशी!"

वर्लिननं खिडकीतून बघितलं. लोनी होता. खांद्यावर पोतं. तोही खाण बंद झाल्यावर बसून होता, गाल बसले होते, अंगात बापाचा ढगळ कोट. घंटा त्यानं वाजवली नाही, त्याला ती घंटा ठाऊक नव्हती. तो आमच्याकडच्या रीतीनं फाटकाबाहेर उभा राहिला आणि उत्तराची वाट बघू लागला.

डेल्फाचे हात कणकेत होते. तिनं ते पुसले. उजवा हात खिशात गेला. ती भट्टीच्या बाजूला सरकली, भिंतीला खांदा लावला.

"मावशी! अक्रोड आणलेत! काका कसे आहेत?"

वर्लिननं तिच्याकडे बघितलं. बोल, त्यानं हातानं खूण केली. बोल ना. लोनी आहे. पाव नेणारा लोनी.

"बघितलंय मी कोण आहे ते," ती हळू म्हणाली. "आयसीच्या घरीही कुणीतरी लोनीच गेला असेल ना."

घरात श्वासाचं यंत्र घुरघुरत होतं. फाटकाशी लोनी एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. घळीत उत्तर आलं नाही तर आत पाऊल टाकायचं नसतं, तो टाकणार नव्हता. पण या घरातून उत्तर आलं नाही असं त्याच्या उभ्या जन्मात घडलं नव्हतं, म्हणून तो जातही नव्हता. त्यानं हाताचा कर्णा केला.

"मावशी, मी लोनी!"

वर्लिननं खिडकीच्या काचेवर तळहात टेकला. यंत्राचा काटा स्वतःच्या हातानं वाढवला, होती नव्हती ती हवा आत ओढली, मान ताठ केली, आणि तोंड उघडलं. या. एवढा एकच शब्द होता. या, पाव गरम आहे. तोंड उघडं राहिलं, गळ्याच्या शिरा ताणल्या, काचेवर वाफेचा एक गोल उमटला आणि त्या गोलात लोनी दिसेनासा झाला.

वाफ उतरली तेव्हा पोतं फाटकाच्या खांबाला टांगलेलं होतं आणि लोनी वळणापर्यंत पोचला होता. वळणावर तो एकदा थांबला, घराकडे वळून बघितलं, आणि गेला.

लोनी दिसेनासा झाल्यावर डेल्फानं खांदा भिंतीपासून काढला. मग पोतं आणायला बाहेर पडली. पायवाट उतरताना तिनं दोन्ही बाजूंच्या झुडपांकडे बघितलं. तिच्या अ‍ॅप्रनचा उजवा खिसा वजनानं खाली ओढला गेला होता, आणि पावलागणिक तो तिच्या मांडीवर आपटत होता.